सोलापुरात न मिळणारी वस्तू

दाक्षायणीचं लग्न शेवटी जपानी चटणीनं जमवलं.

असं काही झालेलं नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जाऊन तिच्या बापाला, ईरप्पा तोळणुरेला, विचारा. यंत्रमागांच्या खडखडाटात तो तुम्हाला ओरडून सांगेल की जपानात शेंगाची चटणी होतच नाही, होत असली तरी त्यानं ती आणली नाही, आणि आणली असली तर ती उष्टी नव्हती. त्याची बायको गिरिजाबाई यातलं एकही वाक्य पुरतं ऐकून घेणार नाही. तेव्हा जे झालंच नाही, ते पहिल्यापासून सांगितलेलं बरं.

सत्तर साली जपानात ओसाका नावाच्या मोठ्या शहरात सगळ्या जगाचं प्रदर्शन भरलं होतं. सोलापूरच्या काही चादरवाल्यांनी मिळून ठरवलं, की आपला एक माणूस पाठवायचा. प्रदर्शन बघेल, तिकडचे माग बघेल, आल्यावर सांगेल. संघाच्या अध्यक्षांना विमानाचा त्रास होता. ते विमानात कधी बसले नव्हते, पण त्रास होता. चिटणीसांची म्हैस व्यायला झाली होती. ईरप्पा तेवढ्यात चहा सांगायला बाहेर गेला, आणि परत आला तेव्हा त्याच्या गळ्यात हार पडला.

घरी त्यानं ही बातमी सांगितली तर गिरिजाबाई म्हणाली, "आत्ता? मुलीचं जमत आलंय आणि तुमी जपानला?"

जमत आलं होतं हे खरं. दाक्षायणीला मंद्रूपच्या मडिवाळप्पांचा मुलगा मल्लप्पा बघून गेला होता. मुलगा होकाराचा होता. दाक्षायणीनं तर स्वयंपाकघरात आईला सांगून टाकलं होतं, "करीन तर हाच. न्हायतर मास्तरीण होईन." अडलं होतं ते मडिवाळप्पांपाशी. मंद्रूपात त्यांची धान्याची अडत, मळा, गावात मान. त्यांना घाई कशाचीच नव्हती. त्यातून त्यांची बायको निंगव्वा मुलगी बघायला आली तेव्हा कडक भाकरीचा तुकडा मोडून, त्यावर गिरिजाबाईची शेंगा चटणी घेऊन, दोनदा चावून म्हणाली होती, "बरी हाय की. जरा घाईत कुटल्यासारखी हाय."

घाईत! सोलापूरच्या बाईला तुम्ही काहीही म्हणा, पण चटणी घाईत कुटली असं म्हणू नका. गिरिजाबाई भाजलेल्या शेंगा, लसूण, तिखट उखळात घालून असं कुटायची, की चटणीला तेल सुटून तिचा आपोआप लाडू वळायचा. त्या दिवशी तिनं राग गिळला. मुलीच्या लग्नाचा प्रश्न होता. पण तेव्हापासून मुसळाचा एकेक घाव निंगव्वाचं नाव न घेता पडायला लागला.

ईरप्पा निघण्यापूर्वी मंद्रूपला निरोप घ्यायला गेला. मडिवाळप्पा गादीवर लोडाला टेकून बसले होते. एका बाजूला जपानी ट्रान्झिस्टर, दुसऱ्या बाजूला थर्मास, मनगटात बाहेरचं घड्याळ, खुंटीला घडीची छत्री.

"या ईरप्पाअण्णा. जपानला चाललाय म्हणं?"

"व्हय सावकार. तेवढं सुपारीचं ठरवून गेलो असतो तर—"

"गडबड कशापायी? जावा की निवांत. येताना कायतरी आणा, मग बसून बोलू." मडिवाळप्पांनी ट्रान्झिस्टरचा आवाज कमी केला. "पर एक हाय. सोलापुरात मिळतंय ते आणू नका. सोलापूरला मी दर बाजारी येतो. जे सोलापुरात न्हाय, ते आणा."

आतून निंगव्वाचा आवाज आला, "आणि नाजूक नको. पोरंबाळं हायत घरात."

अशा रीतीनं दाक्षायणीचं लग्न सोलापुरात न मिळणाऱ्या एका वस्तूला बांधलं गेलं, आणि ईरप्पा विमानात बसला. बरोबर कडक भाकरीची चळत, चादरीत बांधलेली. कारण जपानात मासा नसलेलं फक्त पाणी मिळतं असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. आणि चटणीचा डबा. कल्हईचा, पितळी, झाकण घट्ट. गिरिजाबाईच्या लग्नात तिच्या मंद्रूपच्या मावशीनं दिलेला. बुडाशी कोरलं होतं: चि. सौ. कां. गिरिजा हिस मंद्रूपच्या मावशीकडून. मावशी आता नव्हती. डबा होता.

"बाकी काय बी हरवा," गिरिजाबाई स्टेशनवर म्हणाली होती, "पासपोर्ट हरवला तर सरकार नवा देतंय. डबा हरवून घरी येऊ नका."

ओसाकात ईरप्पानं प्रदर्शन पाहिलं. म्हणजे रांग पाहिली. पुढच्या माणसाची पाठ इतका वेळ पाहिली, की त्याच्या शर्टाचं कापड कितीच्या सुताचं आहे ते तो आजही सांगू शकतो. माग पाहिले, ते न थांबता चालत होते आणि शेजारी उभा राहून कुणी शिव्या देत नव्हतं, त्यामुळं ईरप्पाचा त्यांच्यावर विश्वास बसला नाही. मग राहिली खरेदी.

शहरात एक दुकान होतं. दुकान कसलं, मजल्यावर मजला चढवलेली पेठच. लिफ्टच्या दारात पांढरे हातमोजे घातलेली एक मुलगी उभी होती. ईरप्पाला बघून ती कमरेत वाकली. ईरप्पा माणसाला माणूस समजणारा, तोही हात जोडून वाकला आणि म्हणाला, "शरणु शरणार्थी." मुलीनं मान वर केली, हा अजून वाकलेला दिसला, म्हणून ती पुन्हा वाकली. ईरप्पानं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, पोरगी अजून वाकलेलीच. आपण ताठ झालो तर बरं दिसणार नाही. लिफ्ट दोनदा रिकामीच वर जाऊन आली. शेवटी मागच्या लोकांनी त्याला अलगद उचलून आत ठेवलं.

पहिल्यांदा तो ट्रान्झिस्टरच्या मजल्यावर गेला. ट्रान्झिस्टर मडिवाळप्पांकडं होता. घड्याळ होतं. थर्मास होता. छत्री होती. जपाननं बनवलेली प्रत्येक वस्तू मंद्रूपच्या त्या गादीभोवती आधीच येऊन बसली होती. ईरप्पाला जपानचा राग आला.

मग टॉवेलचा विभाग लागला. इथं खरं तर त्याचं काही काम नव्हतं, पण हात थांबेनात. त्यानं एक टॉवेल उचलून उलटी बाजू पाहिली. मग दुसरा. टॉवेलची परीक्षा उलट्या बाजूनंच करतात, हे सोलापुरात लहान लेकरालाही कळतं. बघता बघता सगळी थप्पी मोडली. मग त्याला लाज वाटली, आणि त्यानं एकेक टॉवेल सोलापुरी घडी घालून पुन्हा रचायला घेतला: काठ आत, बरोबर मधोमध मोड, हातानं एक थाप. थाप ऐकून माणसं जमली. एका बाईनं तर त्याच्याच हातून दोन टॉवेल घेतले, आणि काउंटरवरच्या पोरीनं गंभीरपणे पावती केली. ईरप्पाला वाटलं, इथं एखादी शाखा चालेल.

पण वस्तू मिळेना. एके ठिकाणी लाल गरगरीत बाहुला दिसला; हात नाहीत, पाय नाहीत, डोळ्यांच्या जागी पांढरं. विकणाऱ्या म्हाताऱ्यानं खुणा करून सांगितलं: मनात इच्छा धरून याला एक डोळा काढायचा, इच्छा पुरी झाली की दुसरा. ईरप्पानं विचार केला. म्हणजे सुपारी फुटेपर्यंत हा काणा राहणार. होऊ घातलेल्या बीगरांच्या, म्हणजे व्याह्यांच्या, घरात लग्नाचं बोलणं चाललंय आणि कोपऱ्यात हा एका डोळ्यानं बघतोय. नको. शेजारी एक चिनीमातीचं मांजर पंजा वर करून बोलवत होतं. सोयरिकीच्या कामाला निघालेल्या माणसाला मांजर आडवं गेलं तर तो घरी परत येतो. हे तर त्यालाच हाक मारत होतं. ईरप्पा चप्पल झटकून पुढं गेला.

तळघरात खाण्याचे जिन्नस होते. तिथं माशाचं लोणचं होतं, माशाचे पापड होते, आणि गुलाबी बर्फीसारखं जे होतं तेही विचारल्यावर मासाच निघालं. शिवशिव म्हणत तो जो वर निघाला तो थेट गच्चीवर पोचला.

गच्चीवर पाळणे होते. ईरप्पा एका बाकावर बसला, पिशवीतून भाकरी काढली, डबा उघडला आणि नेहमीप्रमाणं चटणी एका कडेनं बोटांनी खणत खाल्ली. शेजारी एक जपानी आजी बसली होती. ती बघत होती. समोर माणूस असताना एकट्यानं खायचं म्हणजे घास उतरत नाही. ईरप्पानं डबा पुढं केला. आजीनं करंगळीवर चिमूटभर घेऊन जिभेवर ठेवली. थोडा वेळ काही झालं नाही. मग तिच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं, ती उभी राहिली, कमरेत वाकली, आणि वळून न पाहता जिन्याकडं गेली. जपानात शेंगा चटणी होत नाही, याचा ईरप्पाजवळ असलेला पुरावा एवढाच. पण तो पक्का आहे.

तेवढ्यात किणकिण ऐकू आली. गच्चीच्या टोकाला एका बांबूला काचेच्या लहान लहान घंटा टांगल्या होत्या. आत बारीक टोल, टोलाला दोरा, दोऱ्याला कागदाची पट्टी. वारा आला की पट्टी हलायची, घंटा वाजायची. ओढायला नको, बडवायला नको. ईरप्पा उभाच राहिला. सोलापूरच्या एप्रिलात वारा नसतो, त्यामुळं ही घंटा महिनोन् महिने गप्प बसणार, हे त्याला दिसत होतं. निंगव्वानं नाजूक नको म्हटलेलंही आठवत होतं. पण सोलापुरात मिळत नव्हती! मंगळवार पेठेत नाही, नवी पेठेत नाही, सिद्धेश्वराच्या जत्रेतसुद्धा नाही. दाक्षायणीचं लग्न त्या बांबूवर टांगलेलं त्याला स्पष्ट दिसलं.

एक घंटा घेऊन तो बांधून देणाऱ्या पोरीसमोर गेला. पाकीट काढायला हात मोकळा हवा म्हणून घंटा काउंटरवर ठेवली. दुसरा हात मोकळा हवा म्हणून डबाही ठेवला. पोरगी वाकली. ईरप्पा वाकला.

पुढं जे घडलं ते तो वाकलेला असताना घडलं. त्यानं मान वर केली तेव्हा समोर बगळ्यांच्या चित्रांच्या कागदात गुंडाळलेली दोन खोकी होती. एका मापाची, एका घडीची, कोपरे असे की हात लावला तर कापावा. चादरीच्या धंद्यातला माणूस ती घडी बघून विरघळला. एक घंटा घेतली आणि खोकी दोन! त्याच्या ध्यानात आलं, की दुकानाला आपलं वागणं आवडलं. टॉवेलांच्या घड्या घातल्या त्याचा हा आहेर. तो पुन्हा वाकला.

डबा नाही हे त्याला लॉजवर कळलं. गादी उलटी केली. स्वतःची पिशवी उलटी केली. गच्चीवरच्या आजीवरही त्याला क्षणभर संशय आला, पण ती रिकाम्या हातांनी गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी विमान होतं. ईरप्पा विमानात कोरडी भाकरी चघळत ढगांकडं बघत होता आणि गिरिजाबाईला काय सांगायचं ते पाठ करत होता.

दारातच तिनं विचारलं, "डबा?"

"पेटीत हाय. पेटी मागनं येतीय."

"तुमच्या हातात काय मग? पेटीच हाय की ती."

"ही दुसरी," ईरप्पा म्हणाला, आणि मंद्रूपला निघायची तयारी करायला लागला.

आता प्रश्न एवढाच होता की दोन खोक्यांतलं घंटेचं कुठलं आणि दुकानाच्या आहेराचं कुठलं. कागद फोडायचा धीर होईना; तशी घडी सोलापुरात कुणाला परत घालता आली नसती. काच कापसात बसवलेली, त्यामुळं हलवून काही वाजत नव्हतं. ईरप्पानं एकेक खोकं एकेका तळहातावर घेऊन सुताच्या लडीसारखं तोललं. एक हलकं होतं, एक चांगलं जड. मग विचार करायचं कारणच उरलं नाही. बीगराला हलकं खोकं देणारा माणूस अजून सोलापूर जिल्ह्यात जन्मायचा होता. हलकं त्यानं फळीवर ठेवलं, डब्याबद्दल गिरिजाबाईची समजूत घालायला. जड काखोटीला मारलं आणि मंद्रूपची एसटी पकडली.

मंद्रूपात बातमी आधीच पोचली होती. गादीभोवती शेजारपाजार जमला होता. निंगव्वानं कागद फाडू दिला नाही. ओली बोटं लावत लावत, साल काढावी तसा सोडवला आणि घडी करून देवघरात ठेवायला दिला. खोकं उघडलं. वर पातळ कागद. तो बाजूला झाला.

आत कल्हईचा पितळी डबा होता.

डबा सापडल्याचा आनंद त्याला पुढं आठवड्यानं झाला; त्या वेळी त्याला फक्त एवढं कळलं, की आपण होणाऱ्या व्याह्याच्या घरी, चार माणसांत, आपली स्वतःची उष्टी चटणी भेट म्हणून आणली आहे. असं कळलं तर सुपारी राहू दे, मंद्रूपच्या एसटीनंसुद्धा त्याला पुन्हा आत घेतलं नसतं.

मडिवाळप्पांनी झाकण उघडलं. वास सुटला. सगळे पुढं झुकले.

"हे काय, ईरप्पाअण्णा?"

"चटणी," ईरप्पा म्हणाला. दुसरं काही त्याला सुचलं नाही, आणि खोटं तर नव्हतंच.

"जपानात चटणी?"

ईरप्पानं मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, हे त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. मडिवाळप्पांनी ती हो म्हणून घेतली.

"शेंगा पिकतात तितं?"

"पिकत असतील की," शेजारच्यानं परस्पर उत्तर दिलं. "बेट हाय. रेताड जमीन. शेंगेला लई चांगली."

मडिवाळप्पा डब्यात डोकावून बघत होते. "एका कडंला खड्डा पडलाय."

"कस्टमवाले," ईरप्पा म्हणाला. तोंड आता आपणहून चालायला लागलं होतं. "मुंबईला. चव घेतल्याबिगर सोडत न्हाईत."

"एवढा खड्डा?"

"आवडली त्यांना."

हे मडिवाळप्पांना पटलं. सरकारी माणसं त्यांना माहीत होती. त्यांनी डबा उलटा करून बुडाकडं पाहिलं, मग खिडकीशी नेला, मग चष्मा लावला. त्यांचे ओठ हलायला लागले. ईरप्पानं डोळे मिटले.

"चि. सौ. कां. गिरिजा... ही कोण?"

"आमच्या घरातली." ईरप्पा डोळे मिटूनच म्हणाला. "तिकडं डब्यावर नाव घालून देतात, सावकार. नाव काय घालू म्हणून विचारलं. मी गडबडलो, घरातलंच नाव तोंडात आलं."

"आणि मंद्रूप?" मडिवाळप्पांचा आवाज बदलला होता. "हितं मंद्रूप लिवलंय!"

"कुणासाठी नेता म्हणून विचारलं. मी म्हटलं, मंद्रूपला."

"आणि मावशी?"

"जपानात दुकानातल्या बाईला मावशी म्हणतात."

मडिवाळप्पांनी डबा दोन्ही हातांत धरला होता. ट्रान्झिस्टर, थर्मास, घड्याळ, छत्री, सगळ्यांवर परक्या गावांची नावं होती. ही पहिली वस्तू, जिच्यावर मंद्रूप होतं. "ओसाकात," ते हळूच म्हणाले, "मंद्रूप कोरतात." आणि मग भानावर येऊन, "सोलापूर कोरत न्हाईत?"

"सोलापूर माहीत न्हाय त्यांना," ईरप्पा म्हणाला. एकदा बुडालं ते बुडालं.

गर्दीत भिमा होता. मंद्रूपच्या बाजारात भांड्यांवर नावं कोरणारा. त्यानं मान पुढं काढून अक्षरं बघितली आणि म्हणाला, "सावकार, ही कोरणी माझी हाय. हा 'म' बघा, शेपटी वर. असा 'म' मीच काढतो."

ईरप्पानं मिटलेले डोळे आणखी मिटले.

"तुझी?" मडिवाळप्पा म्हणाले. "तू कवा गेलतास जपानला?"

"मी कुटं जातो? मी मोहोळच्या पलीकडं गेलो न्हाय."

"मग? जपानी लोक नकला करण्यात पटाईत. तुझ्या 'म'ची नक्कल केली त्यांनी!"

भिमा विचारात पडला. त्याला ते आठवत होतं, की आठवत नव्हतं; पण आपला 'म' समुद्रापार गेला ही गोष्ट, एका म्हातारीच्या डब्यावर आपण कधीतरी तो कोरला होता या गोष्टीपेक्षा, कितीतरी बरी होती. "चोर हायत लेकाचे," तो समाधानानं म्हणाला, आणि दुसऱ्या बाजारापासून त्यानं कोरणावळ वाढवली.

निंगव्वानं एवढ्यात भाकरीचा तुकडा आणला होता. तिनं चटणी घेतली, दोनदा चावली, मग तिसऱ्यांदा चावली.

"ह्याला म्हणतात चटणी," निंगव्वा म्हणाली. "तेल बघा कसं सुटलंय. लसूण कसा मुरलाय. निवांत कुटलीय बाईनं. ईरप्पाअण्णा, राग मानू नका, पर गिरिजाबाईंना एकदा जपानला धाडा. शिकून येतील."

मडिवाळप्पांनी सुपारी मागवली.

ईरप्पा घरी आला तो एका डोळ्यानं हसत, एका डोळ्यानं घाबरत. गिरिजाबाईनं फळीवरचं खोकं आधीच उघडलं होतं. काचेची घंटा हातात धरून ती उभी होती. "ही काय आणलीत जपानातनं? डबा कुटाय?"

ईरप्पानं सगळं सांगितलं. पहिल्यांदा तिनं डब्यासाठी कपाळ बडवून घेतलं. मग उष्ट्यासाठी दोन्ही गाल बडवून घेतले. मग सुपारी फुटली हे ऐकून देवापुढं साखर ठेवली. दाक्षायणी आत पळाली. शेवटी ईरप्पानं निंगव्वाचं बोलणं सांगितलं. ते त्यानं सांगायला नको होतं.

"काय म्हणाली? परत सांगा."

"तेल सुटलंय म्हणाली. निवांत कुटलीय म्हणाली."

"त्याच्या पुढचं."

"शिकून येतील म्हणाली."

गिरिजाबाई खाली बसली. बारा वर्षं उपास करून देव प्रसन्न व्हावा आणि वर शेजारणीला मिळावा, तसं तिचं तोंड झालं. "माझी चटणी," ती म्हणाली. "माझ्या उखळातली. माझ्या डब्यातली. आणि मी शिकून येऊ?" ती उठली आणि पदर खोचला. "जाते मी मंद्रूपला."

"जा की," ईरप्पा म्हणाला. "सांग, आमच्या यजमानांनी तुमाला उष्टं चारलं."

आतून दाक्षायणी म्हणाली, "आई." एवढंच म्हणाली.

गिरिजाबाईनं पदर सोडला.

मग मंद्रूपहून निरोप आला: लग्नाच्या पंक्तीला जपानी चटणी पाहिजे. पाहुणे लांबून, पार अक्कलकोटहून येणार आहेत. त्यांना दाखवायची आहे. ईरप्पानं कळवलं, जपानला तार केली आहे. गिरिजाबाईनं खिडक्या लावून घेतल्या आणि कुटायला बसली. काचेची घंटा त्यानं हौसेनं स्वयंपाकघरात टांगली होती. वारा कधी लागला नाही, पण मुसळ पडलं की भिंत हादरायची आणि ती किणकिणायची. शेजारी विचारायचे, घरात कसली पूजा चाललीय. ईरप्पा सांगायचा, लग्नाची.

लग्न झालं. पंगत बसली. पानात दोन चटण्या होत्या: डाव्या हाताची घरची, उजव्या हाताची जपानी. दोन्ही एका उखळातून, एका दिवशी, एका हातानं काढलेल्या. फक्त जपानीवर ईरप्पानं बगळ्याच्या कागदाचा एक तुकडा टोचला होता. विहीणबाई म्हणून निंगव्वाच्या पानासमोर गिरिजाबाई स्वतः आग्रहाला उभी होती, हातात तुपाची वाटी. निंगव्वानं घरची चाखली. जपानी चाखली. पुन्हा घरची चाखली. ईरप्पाला वाटलं, आता कळलं. दाक्षायणी नवऱ्याशेजारी मुंडावळ्या धरून बसली होती. तिनं आईकडं पाहिलं.

"फरक हाय," निंगव्वा म्हणाली. "तुमची बी सुधारलीय, न्हाय असं न्हाय. पर घाई दिसते की हो, विहीणबाई."

गिरिजाबाईच्या हातातली वाटी तिरपी झाली. तूप ओघळून निंगव्वाच्या भातावर, मग पानावर, मग पानाबाहेर जायला लागलं.

"आमच्या हाताला," गिरिजाबाई एकेक शब्द उखळात घातल्यासारखा म्हणाली, "जपानची चव कुटनं येणार."

"लाख बोललात," निंगव्वा म्हणाली, आणि दुसऱ्यांदा जपानी मागितली.

आता दाक्षायणी मंद्रूपात सुखात आहे. मडिवाळप्पांनी डबा काचेच्या कपाटात, बूड बाहेरच्या बाजूला करून ठेवला आहे. पाहुणा आला की आधी मंद्रूप वाचून घ्यावं लागतं, मग पाणी मिळतं. दर बाजारी ते सोलापूरला येतात आणि ईरप्पाकडून जपानचं पार्सल घेऊन जातात. दाक्षायणी सासरी चटणी कुटते तेव्हा निंगव्वा तिच्याजवळ बसून सांगते, आईसारखी घाई करू नको, जपान्यांसारखी कूट.

हे ज्या दिवशी माहेरी आलेल्या मुलीकडून कळलं, त्या दिवशी गिरिजाबाईनं ईरप्पाला कागद घेऊन समोर बसवलं आणि उभ्यानं मजकूर सांगितला. ईरप्पानं आपल्याकडून त्याला सरकारी वळण दिलं, तिच्यादेखत तिकीट लावलं आणि अर्ज टपालपेटीत टाकला. तो असा:

"प्रति, मेहेरबान साहेब, जपान देशाची वकिलात, दिल्ली.

अर्जदार सौ. गिरिजाबाई ईरप्पा तोळणुरे, राहणार सोलापूर, विनंती अर्ज करते की, आपल्या देशात शेंगाची चटणी होत नाही, कधी झालेली नाही व पुढेही होणार नाही, असा दाखला सही-शिक्क्यानिशी मिळावा. सदर दाखला आपल्या एका जबाबदार अधिकाऱ्याने मौजे मंद्रूप येथे समक्ष येऊन सौ. निंगव्वा मडिवाळप्पा यांना मोठ्या आवाजात वाचून दाखवावा. वाचताना तो गावातील इतर कोणाच्याही कानी जाऊ नये. तसेच वाचून झाल्यावर तो खुद्द सौ. निंगव्वा यांच्याही ध्यानात राहू नये, कारण अर्जदाराची मुलगी त्या घरी नांदत आहे. मात्र ऐकताना त्यांचे तोंड कसे झाले होते, ते अर्जदारास सविस्तर कळवावे. परत जाताना कपाटातील पितळी डबा सोबत आणून अर्जदाराच्या घरी पोच करावा. डबा रिकामा असल्यास चालेल. कळावे."